हलतोय म्हणून काढायचाच?

लासलगावचं कांदा मार्केट असो नाहीतर पिंपळगावची द्राक्षबाग, निफाड तालुक्यात एक सल्ला फुकट मिळतो: "हिरडी उतरली, दात हलतोय? मग काढा आणि स्क्रूवाला (इम्प्लांट) बसवा." पायरियावर इलाजच नाही, ही त्यामागची ठाम समजूत. ऐकून ऐकून कान किटले.

पायरियात झिजतं ते दाताला धरणारं हाड. सगळीकडून सारखं खाली गेलं असेल, तर ते परत आणायचा भरवशाचा उपाय नाही, हे कबूल. पण मुळाच्या एका अंगाला खोल खड्डा पडला असेल, तर तो बराचसा भरून येऊ शकतो. नीट सफाईनंतरही दात आणि हिरडी यांच्यामधली फट, म्हणजे पॉकेट, खोल उरलं आणि खड्डा ३ मिमी किंवा त्याहून खोल असला, तर हाड भरून आणणारी शस्त्रक्रिया करावी, असं युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या महासंघाची २०२० ची मार्गदर्शिका सांगते. विश्वास बसत नाही? कोर्टेलिनी आणि टोनेटी या हिरडीतज्ज्ञांच्या चमूने मुळाच्या टोकापर्यंत आधार गेलेल्या २५ दातांवर ही शस्त्रक्रिया केली. ५ वर्षांनी २३ दात तोंडात होते. निवडक रुग्ण, निष्णात हात, हे खरं. पण आपल्याकडे असेच दात पहिल्या भेटीत ट्रेमध्ये पडतात.

हिरडी पातळ असेल तर शस्त्रक्रियेनंतर ती आणखी खाली सरकते आणि मूळ उघडं पडतं. म्हणून टाळूच्या त्वचेखालचा पातळ पापुद्रा काढून त्याच बैठकीत हिरडीखाली शिवतात. इटलीत बोलोन्याचे हिरडीतज्ज्ञ झुकेल्ली यांच्या पद्धतीत हा पापुद्राच खड्ड्याची ढासळलेली बाहेरची भिंत होतो. दुसऱ्याची कातडी लावतात, ही भीती नको, टाळू तुमचाच. खड्ड्यात भरायची हाडाची पावडर मात्र गाईच्या हाडापासूनची आणि तिथे लावायचं जेल डुकराच्या दातांच्या अंकुरांपासूनचं असू शकतं. चालत नसेल तर आधीच सांगा, कृत्रिम पावडर मिळते.

आणखी काही समजुती. "सफाईने दात सैल होतात." आधीच सैल होते, कीटणाने धरून ठेवले होते.

"मिश्रीने हिरड्या घट्ट होतात." तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात, रक्त येणं थांबतं आणि आजार झाकला जातो. शिवलेला पापुद्राही नीट रुजत नाही.

"स्क्रूला पायरिया होत नाही." त्याभोवतीचंही हाड झिजतं.

दात काढायचं ठरवण्याआधी एक्स-रे काढा आणि खुणांच्या बारीक सळईने दाताभोवती सहा ठिकाणी पॉकेट मोजून घ्या. नाशिकला पंचवटीतल्या केबीएच डेंटल कॉलेजात हिरड्यांचा वेगळा विभाग आहे.