सिस्टिम ड्राइव्हची वाटणी

डहाणूहून बोर्डीकडे किनाऱ्याने जाणाऱ्या रस्त्यावर नरपड लागते. तेथील चिकूच्या वाडीतल्या एखाद्या घरी सातबाऱ्याचे उतारे, खरेदीखतांच्या स्कॅन केलेल्या नकला, लग्नकार्यांची चित्रणे आणि मुंबईस नोकरीला असलेल्या मुलांनी सणावारी आणून ओतलेली छायाचित्रे, हे सारे दप्तर एकत्र ठेवून घरातील प्रत्येक फोनवर उघडता यावे, अशी इच्छा झाली, तर जुन्या संगणकाचाच स्टोरेज सर्व्हर, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘नॅस’, करण्याची तजवीज अल्प खर्चात होऊ शकते. दप्तर ठेवण्यासाठी मोठी हार्ड डिस्क घ्यावी, हे कोणासही सुचते. घोटाळा होतो तो दुसऱ्या, लहान डिस्कच्या बाबतीत. ज्या डिस्कवरून यंत्र सुरू होते, त्या सिस्टिम ड्राइव्हच्या बाबतीत.

डेबियनवर आधारलेली ओपनमीडियाव्हॉल्ट ही मोफत प्रणाली १२८ जीबीच्या एसएसडीवर बसविली, तर ती स्वतःसाठी काही थोडे जीबीच खर्च करते, परंतु कबजा मात्र सबंध डिस्कवर सांगते. आणि उरलेली शंभरेक जीबी जागा डोळ्यांसमोर रिकामी असूनही एरवी तिच्यावर सामायिक फोल्डर काढू देत नाही. ट्रूनॅसचे धोरण याहून कडक आहे: बूटची डिस्क ती बूटचीच ठेवते. याउलट सिनॉलॉजीची तयार यंत्रे प्रत्येक डिस्कच्या आरंभी प्रणालीचा एक छोटा भाग राखून त्याची प्रतिकृती सर्व डिस्कांवर ठेवतात, म्हणजे एक डिस्क गेली तरी प्रणाली जिवंत राहते. प्रणाली आणि दप्तर यांत सरहद्द हवी, याविषयी तिघांचेही एकमत आहे. ती कोठे आखावी, एवढाच वाद.

या सरहद्दींची नोंद डिस्कच्या प्रारंभी एका कोष्टकात असते. १९८३ साली आयबीएमच्या एक्सटी संगणकाबरोबर आलेल्या जुन्या पद्धतीत, ५१२ बाइटांच्या पहिल्या सेक्टरपैकी ४४६ बाइट यंत्र सुरू करणाऱ्या आज्ञावलीस, ६४ बाइट या कोष्टकास आणि शेवटचे २ बाइट खुणेस दिलेले असत. चारच हिस्से नोंदता येत आणि सुमारे २ टीबीपलीकडील जागा त्या नोंदीच्या आवाक्याबाहेर राही. जीपीटी नावाच्या नव्या पद्धतीत सहसा १२८ हिश्श्यांची सोय असते आणि कोष्टकाची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी अखेरीस असते. हे कोष्टक म्हणजे डिस्कचा सातबारा होय: तो फाटला म्हणून वाडी वाहून जात नाही, पण पोटहिस्सा कोणाचा कोठवर हे सांगणारा कागद उरत नाही, आणि मोजणी न करताच फेरफार केला, तर एकाचे कुंपण दुसऱ्याच्या झाडांतून जाते.

मग वाटणी करावी कशासाठी? रिकामी जागा वाया जाते हे कारण मला दुय्यम वाटते. खरे कारण असे, की नरपडसारख्या ठिकाणी पावसाळ्यात वीज गेली आणि परत आली, की यूएसबीने जोडलेली दप्तराची डिस्क कधी कधी वेळेवर जागी होत नाही. रात्री ठरल्या वेळी चालणारे बॅकअपचे काम मात्र याची दखल न घेता, त्या डिस्कसाठी राखलेल्या मोकळ्या फोल्डरातच, म्हणजे सिस्टिम ड्राइव्हवरच, लिहीत सुटते. सकाळपर्यंत जागा तुडुंब भरते आणि ब्राउझरमध्ये पासवर्ड बरोबर देऊनही लॉगिनचे पान पुन्हा पुन्हा समोर येते. पासवर्ड चुकला असे समजून माणूस तो बदलू पाहतो, आणि दोष भलतीकडेच असतो. येथे एक खुलासा हवा: नुसत्या वाटणीने हे टळत नाही, कारण ते मोकळे फोल्डर प्रणालीच्या हिश्श्यातच असते, डिस्क जोडली गेली आहे याची खात्री करूनच लिहिण्याची अट बॅकअपच्या कामास घालावी लागते. वाटणीचा लाभ असा, की डॉकर (इतर प्रोग्राम वेगवेगळे चालविण्याची सोय) आणि डाउनलोड यांचा पसारा स्वतंत्र हिश्श्यात ठेवल्याने त्याच्या वाढीचा भार प्रणालीवर पडत नाही आणि प्रणाली पुन्हा बसविताना तो पुसला जाण्याची भीतीही कमी होते. अर्थात त्या वेळी इन्स्टॉलरला सबंध डिस्क देऊन चालत नाही.

माझ्या मते १२८ जीबीपैकी सुमारे ३० जीबी प्रणालीस, ४ जीबी स्वॅपला (मेमरी अपुरी पडली की वापरायच्या जागेला) आणि बाकीचे या पसाऱ्यास द्यावे. ईएक्सटी४ पद्धतीचा हिस्सा चालू स्थितीत वाढविता येतो, लहान करता येत नाही; म्हणून जीपार्टेडच्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करूनच तो लहान करावा. एक्सएफएस असेल तर हा मार्ग जवळजवळ बंदच समजावा. स्वॅप नव्याने केला की त्याचा ओळखक्रमांक बदलतो. तो एफएसटॅब फाइलीत दुरुस्त केला नाही, तर प्रत्येक वेळी सुरू होताना यंत्र जुन्या स्वॅपची ९० सेकंद वाट पाहत बसते.

छायाचित्रे मात्र या डिस्कवर ठेवू नयेत. हिस्से कितीही पाडले तरी डिस्क एकच. ती मेली की सारे हिस्सेदार एकदम बुडतात. दप्तराची दुसरी प्रतही त्याच घरात असून भागणार नाही: शेजारच्या तलासरी-धुंदलवाडीच्या पट्ट्यास नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे लहानमोठे धक्के बसत आले आहेत आणि खारा वारा तर नरपडला बारमाही आहे. ती प्रत मुंबईतील नातलगाकडे ठेवावी.

आणि कोष्टकास हात लावण्यापूर्वी एसएफडिस्क या साधनाने त्याची नक्कल काढावी. ती मोजक्या ओळींची साधी मजकूर-फाइल असते. ती दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून एक प्रत कागदावरही छापून ठेवावी.