स्वीडनची ओसरलेली रोकड

स्टॉकहोममधील अनेक उपाहारगृहांच्या व दुकानांच्या दारांवर रोख रक्कम स्वीकारली जात नसल्याची पाटी असते, आणि ती वाचणाऱ्या परदेशी पाहुण्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा की, ज्या नोटेवर देशाच्या मध्यवर्ती बँकेची मुद्रा आहे ती नाकारण्याचा अधिकार एका खाजगी विक्रेत्याला दिला कोणी. याचे उत्तर स्वीडनच्या कायद्यातच आहे. रिक्सबँक या मध्यवर्ती बँकेने काढलेल्या नोटा व नाणी हे वैध चलन होय, असे तेथील कायदा निःसंदिग्धपणे सांगतो. परंतु त्याच देशाची न्यायपरंपरा करारस्वातंत्र्याला इतके महत्त्व देते की, पाटी पाहून जो ग्राहक आत आला त्याने ती अट मान्य केली असे गृहीत धरले जाते, आणि मग त्याच्या खिशातील शंभर क्रोनरची नोट त्या दुकानापुरती निरुपयोगी ठरते. सार्वजनिक चलनाचे भवितव्य अशा रीतीने असंख्य खाजगी करारांच्या हवाली झाले, हीच स्वीडनच्या अलीकडच्या अर्थव्यवहारातील मध्यवर्ती घटना आहे असे मला वाटते. कार्डे, मोबाइल आणि ॲप ही तिची केवळ साधने होत.

ज्या देशात हे घडले त्याचा पूर्वेतिहास ध्यानात घेतला म्हणजे या घटनेचे गांभीर्य अधिक जाणवते. सतराव्या शतकात स्वीडनमध्ये तांब्याच्या पत्र्यांचे चलन होते, आणि १६४४ साली पाडलेल्या दहा डालरच्या एका पत्र्याचे वजन जवळजवळ वीस किलो भरत असे. या अवजड चलनाला पर्याय म्हणून स्टॉकहोमच्या एका बँकेने १६६१ मध्ये युरोपातील पहिल्या कागदी नोटा काढल्या, त्या प्रमाणाबाहेर काढल्यामुळे ती बँक बुडाली, आणि त्या अनुभवानंतर १६६८ साली संसदेच्या देखरेखीखाली जी संस्था उभी राहिली तीच आजची रिक्सबँक, जगातील सर्वांत जुनी मध्यवर्ती बँक. शेवटची खरेदी रोखीने केली होती काय, असा प्रश्न याच बँकेने २०१० साली नागरिकांना विचारला, तेव्हा शेकडा ३९ जणांनी होकार दिला. २०२० साली होकार देणारे शेकडा ९ उरले होते.

या घसरणीच्या मागे सरकारचे कोणतेही फर्मान नाही. पगार परस्पर खात्यात जमा करण्याची प्रथा १९६० च्या दशकात रूढ झाल्यामुळे घरोघरी बँकेचे खाते आले. पुढे १९९० च्या दशकात बँकांनी धनादेशांवर शुल्क बसवताच लोक कार्डाकडे वळले. रिक्सबँकेने रोकड वितरणाच्या आपल्या प्रांतिक कचेऱ्या क्रमाक्रमाने बंद केल्या, आणि व्यापारी बँकांच्या अनेक शाखांनी तर रोखीचा भरणा घेणेच सोडून दिले. त्यात दरोड्यांची भीती होती. २००९ च्या सप्टेंबरात चोरट्यांनी हेलिकॉप्टरने येऊन वेस्टबेर्गा येथील रोकड-आगाराच्या छपरावर उतरण्याचे धाडस केले. अशा वातावरणात गल्ल्यात नोटा न ठेवणे हाच सुरक्षिततेचा उपाय होय, असे दुकानदारांना व नोकरवर्गाला वाटू लागले असल्यास त्यात नवल नाही.

तथापि भीतीपेक्षाही सोयीचा हात मोठा होता, आणि त्या सोयीचा पाया फार पूर्वी घातला गेला होता. १९४७ पासून स्वीडनमधील रहिवाशांना व्यक्तिक्रमांक मिळत आला आहे. त्याच्या आधारे बँकांनी २००३ मध्ये 'बँकआयडी' नावाची ओळखव्यवस्था निर्माण केली, आणि या दोहोंवर उभे राहून सहा मोठ्या बँकांनी २०१२ च्या डिसेंबरात 'स्विश' हे ॲप चालू केले. समोरच्याचा मोबाइल क्रमांक आणि रक्कम लिहावी, बँकआयडीने ओळख पटवावी, की पैसे क्षणार्धात त्याच्या खात्यात जमा होतात. आपल्याकडे २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयची सवय असलेल्या वाचकाला याचे विशेष वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. सुमारे एक कोटी पाच लाख लोकवस्तीच्या देशात ऐंशी लक्षांहून अधिक लोक स्विश वापरतात, आणि जुन्या बाजारातील खरेदीपासून चर्चमधील दानापर्यंत सारे काही त्यावरून चालते. किरकोळ विक्रेत्यांची अडचण २०१० साली स्टॉकहोममध्येच स्थापन झालेल्या आयझेटल या कंपनीने दूर केली. मोबाइलला जोडता येणारे छोटे कार्डयंत्र तिने इतके स्वस्त केले की, रस्त्यावर उभे राहून नियतकालिक विकणारी बेघर माणसेही २०१३ पासून कार्डाने पैसे घेऊ लागली. कार्डावरील आंतरबँक शुल्काला युरोपीय संघाने २०१५ मध्ये मर्यादा घातली, डेबिट कार्डासाठी शेकडा ०.२ आणि क्रेडिट कार्डासाठी शेकडा ०.३, त्यामुळे दुकानदाराची उरलीसुरली तक्रारही बरीच निवळली.

मग या सुखसोयीत बाहेर कोण राहिले? ज्यांच्या थरथरत्या बोटांना पडद्यावरील अक्षरे साधत नाहीत असे वृद्ध, काही अपंग, आणि व्यक्तिक्रमांक अद्याप न मिळाल्यामुळे ज्यांना खाते उघडणे अवघड जाते आणि बँकआयडी घेता येत नाही असे नवागत. त्यांच्या वतीने 'कोन्टान्टउपरोर' ही रोकड-रक्षणाची चळवळ उभी राहिली, आणि तिचे नेतृत्व ब्योर्न एरिक्सन यांच्याकडे आले. हे गृहस्थ स्वीडनच्या पोलीस दलाचे माजी प्रमुख आणि इंटरपोलचे माजी अध्यक्ष. रोकड म्हणजे गुन्हेगारांचे साधन हा प्रचलित युक्तिवाद त्यांना ठाऊक नव्हता असे कोणी म्हणू शकणार नाही. एवढ्या अधिकारी पुरुषाने दुर्बलांची बाजू घेऊनही सरकारदरबारी तिची दखल सावकाश घेतली गेली, याचा मला खेद वाटतो.

दखल घेण्याची खरी निकड निर्माण झाली ती संकटाच्या जाणिवेमुळे. २०२१ च्या जुलैमध्ये एका अमेरिकी कंपनीच्या संगणक-प्रणालीवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. त्या प्रणालीशी जोडलेले गल्ले बंद पडले, आणि 'कूप' या सहकारी साखळीला आपल्या सुमारे आठशे दुकानांपैकी बहुतेकांना टाळे लावावे लागले. दूर कोठेतरी घडलेल्या घटनेने गावातील दूध-पावाची विक्री थांबू शकते, हे त्या दिवशी प्रत्ययास आले. पुढे युक्रेनमधील युद्धाने ही चिंता वाढवली. २०२४ च्या नोव्हेंबरात सरकारने घरोघरी पाठवलेल्या युद्धसज्जतेच्या पुस्तिकेत, निदान आठवडाभर पुरेल इतकी रोकड घरात ठेवावी, असा सल्ला दिला आहे. परंतु ती रोकड घेणारे दुकानच नसेल तर सल्ल्याचा उपयोग काय, हा प्रश्न शिल्लक राहतो.

परावलंबनाचा दुसरा पैलू कार्डांचा. डेन्मार्कपाशी १९८३ पासून स्वतःचे 'डानकोर्ट' आहे, नॉर्वेपाशी 'बँकॲक्सेप्ट' आहे, आपल्याकडे रुपे आहे. स्वीडनमधील कार्डव्यवहार मात्र व्हिसा व मास्टरकार्ड या दोन अमेरिकी कंपन्यांच्या जाळ्यावर चालतात, आणि कार्डावर इतकी भिस्त ठेवणाऱ्या देशाची ही स्थिती मला सर्वांत चिंतनीय वाटते.

रिक्सबँकेने २०१७ पासून 'ई-क्रोना' या डिजिटल चलनाचा अभ्यास व पुढे चाचण्याही केल्या, पण त्याची सध्या पुरेशी आवश्यकता सिद्ध झालेली नाही, असा निष्कर्ष सरकारी चौकशी समितीने २०२३ मध्ये दिला. प्रगती अन्य दिशांनी होत आहे. मोठ्या बँकांवर रोकड काढण्याची व भरण्याची सोय पुरवण्याचे कायदेशीर बंधन आले आहे. स्विशचे व्यवहार २०२४ मध्ये रिक्सबँकेच्या स्वतःच्या तत्काळ-भरणा प्रणालीवर आणण्यात आले. शेजारच्या नॉर्वेने तर १ ऑक्टोबर २०२४ पासून दुकानात रोखीने पैसे देण्याचा ग्राहकाचा हक्क कायद्याने बळकट केला, आणि जीवनावश्यक वस्तूंच्या बाबतीत स्वीडननेही तसे करावे अशी रिक्सबँकेची मागणी आहे. त्याचबरोबर, जाळे बंद पडले असतानाही अन्न, औषधे आणि इंधन यांचे पैसे कार्डाने देता यावेत, या व्यवस्थेसाठी बँका व व्यापारी यांना एकत्र आणून तिने १ जुलै २०२६ ही मुदत घालून दिली.