दुवा विकत मिळत नाही

मराठीत 'दुवा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. 'तो दुवा' म्हणजे जोडणारी कडी आणि 'ती दुवा' म्हणजे आशीर्वाद. एका वेबसाइटवरून दुसरीकडे नेणाऱ्या लिंकला आपण मराठीत दुवा म्हणू लागलो तेव्हा कुणी एवढा विचार केला असेल असे वाटत नाही. पण दोन्ही अर्थ तिथे चपखल बसतात. दुसऱ्या कुणी आपल्या पानावर तुमच्या वेबसाइटचा दुवा दिला की तुमच्याकडे येणारी एक वाट तयार होते. आणि देणारा त्या विषयातला जाणकार असेल तर ती त्याची दुवाही ठरते. संगणकाच्या भाषेत याला 'बॅकलिंक' म्हणतात. गुगलवर आपले नाव वर दिसावे म्हणून या बॅकलिंक आज बाजारात शेकड्याच्या भावाने विकल्या जातात.

हा प्रश्न आता मोठ्या कंपन्यांपुरता राहिलेला नाही. निपाणी, चिकोडी, बेळगाव, जत, अक्कलकोट या आपल्या पट्ट्यात कुणी घरून पापड-चटण्या पाठवते, कुणी इरकल साड्या विकते, कुणी शिकवणी चालवते. मुलगा किंवा भाचा हौसेने वेबसाइट करून देतो. पण ती कुणाला सापडत नाही. मग फोन येतो, 'आम्ही तुम्हाला पहिल्या पानावर आणतो.' अशा एका फोनाची कथा मी इंदूरमध्ये जवळून पाहिली. ती आपल्या वाचकांच्या कामाची आहे.

जुनी इंदूरमधली चटणी

माझी आत्या लग्न होऊन इंदूरला गेली. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली, पण जुनी इंदूर हा भाग त्याही आधीचा. जमीनदार घराण्याचा बडा रावला इथलाच आणि शनीचे जुने देऊळही इथेच. आत्याचे घर याच भागात आहे. आतेभावाची बायको, म्हणजे माझी वहिनी, धारवाडची. माहेरची भाषा कानडी, सासरची मराठी आणि बाजारात हिंदी. तिच्या डब्यांतही तसेच. एकीकडे मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी, दुसरीकडे शेंगाचटणी आणि कारळ्याची चटणी, जिला ती अजून 'गुरेळ्ळू' म्हणते. हे सगळे ती घरी करून बाहेरगावी पाठवते. मुलीच्या हॉस्टेलचा खर्च बराचसा त्यावर निघतो.

दोन वर्षांपूर्वी एका माणसाने दादाला गाठले. महिन्याला ठरावीक रक्कम, पाचशे बॅकलिंक आणि पहिल्या पानाची गॅरंटी. काही आठवडे नाव वर सरकले. मग दिवाळीच्या तोंडावर वेबसाइट शोधात दिसेनाशी झाली आणि मागण्या ओसरल्या. दादा म्हणाला, "पैसे दिले, पावती आहे. मग दुकान गेलं कुठे?"

मी सुट्टीत तिथेच होतो. गुगलची 'सर्च कन्सोल' नावाची फुकट सोय आहे. आपल्याकडे कुठून कुठून दुवे येतात, ते त्यात दिसते. ती यादी उघडली तर परदेशी जुगाराच्या, औषधांच्या आणि बुटांच्या वेबसाइटी. एकीचाही खाण्याशी संबंध नव्हता. वहिनी यादी बघत राहिली आणि म्हणाली, "भाऊजी, माझ्या चटणीची शिफारस जुगाराचा अड्डा कशाला करेल?"

सर्च इंजिनही नेमका हाच प्रश्न विचारते.

संदर्भ, हुंडी आणि स्थळाची चौकशी

गुगलच्या आधी, १९९६ साली, लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात जे सर्च इंजिन सुरू केले, त्याचे नाव 'बॅकरब' होते. बॅकलिंक मोजण्यावरूनच ते पडले होते. कल्पना विद्वानांच्या जगातली. ज्या निबंधाचा संदर्भ इतर अनेक जण देतात तो महत्त्वाचा. पण नुसती मोजणी पुरेशी नव्हती, म्हणून संदर्भ देणाऱ्याचेही वजन धरले. एका पानाचे वजन दहा मानले आणि त्यावर पाच दुवे असले, तर ढोबळमानाने प्रत्येकाच्या वाट्याला दोन येतात. हजार दुवे टांगलेल्या पानावरून काय मिळणार, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

मी अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे मला इथे हुंडी आठवते. आपल्या जुन्या व्यापारात 'शाहजोग' हुंडी असे. ती कुणाही वाटसरूला वटवता येत नसे. पेठेत ज्याची पत माहीत आहे अशा 'शाहा'लाच तिचे पैसे मिळत. कागदापेक्षा माणसाची पत मोठी. दुव्याचेही तसेच आहे. तो कुणाच्या हातून आला यावर त्याची किंमत.

दुव्याचा विषयाशी संबंध असावा, ही पुढची पायरी. तिथे आपल्या वाचकांना जवळचे वाटेल असे एक नाव येते. कृष्ण भरत हे बेंगळुरूत शाळा शिकलेले संशोधक. पुढे गुगल न्यूज त्यांनीच उभे केले. त्यांनी आणि जॉर्ज मिहाइला यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'हिलटॉप' नावाची पद्धत मांडली. त्यात आधी त्या त्या विषयाची जाणकार पाने निवडायची आणि त्यांचेच मत धरायचे. शिवाय एकमेकांशी लागेबांधे नसलेल्या किमान दोन जाणकारांनी दाखवलेले पानच विचारात घ्यायचे. हे आपल्याला नवे नाही. स्थळाची चौकशी करताना मुलाच्या मामाला विचारले आणि मग मामीला विचारले, तर ती एकच साक्ष झाली. म्हणून आपण शेजाऱ्याला विचारतो, ऑफिसात विचारतो, आणि जमल्यास वाण्यालाही विचारतो.

विकतच्या साक्षी

साक्षी विकत घेणारे फक्त लहान लोक असतात असे नाही. अमेरिकेतली जे. सी. पेनी ही मोठी दुकानांची साखळी २०१० च्या नाताळ हंगामात कपडे, चादरी, सतरंज्या अशा कितीतरी शब्दांना गुगलवर पहिली येत होती. फेब्रुवारी २०११ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने शोध घेतला तेव्हा कपड्यांशी काही नाते नसलेल्या असंख्य पानांवरून तिला दुवे दिलेले आढळले. गुगलने हात घातल्यावर प्रवासी बॅगांच्या एका शोधात ती दोन तासांत पहिल्या क्रमांकावरून ७१ व्या क्रमांकावर गेली. आपल्याला हे ठाऊक नव्हते असे कंपनीने सांगितले आणि काम देणाऱ्या सल्लागारांना काढून टाकले.

२४ एप्रिल २०१२ रोजी गुगलने अशा बनावट दुव्यांसाठी 'पेंग्विन' नावाची चाळणी लावली. सप्टेंबर २०१६ पासून ती सतत चालू असते आणि खोटा दुवा सापडला की त्याची किंमत बहुधा शून्य धरते. म्हणजे त्याच्या जोरावर चढलेले नाव आपोआप खाली येते. वहिनीचे तेच झाले असावे. पैसे गेले आणि दिवाळीचा हंगामही गेला. पहिल्या क्रमांकाची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, असे गुगल स्वतःच सांगते. तेव्हा गॅरंटी हा शब्द ऐकला की फोन ठेवावा.

कोण ओळखतं, आणि का?

मग आम्ही एक वही घेतली. तिच्यात दोनच रकाने पाडले: 'तुम्हाला कोण ओळखतं?' आणि 'त्यांनी तुमचं नाव का घ्यावं?' दुसऱ्या रकान्यात नीट उत्तर आले नाही तर पहिले नाव खोडायचे. निम्मी नावे खोडली गेली.

नुसत्या 'आमच्याकडे चटण्या मिळतील' या पानाचा दुवा देण्यासारखे काही नव्हते, हेही लक्षात आले. म्हणून वहिनीने कारळ्यावर एक सविस्तर पान लिहिले. मराठीत कारळे, कानडीत गुरेळ्ळू किंवा हुच्चेळ्ळू आणि हिंदीत रामतिल हे एकच बी आहे. मध्य प्रदेशात ते पिकते. पण खाणारा आपापल्या भाषेतले नाव शोधतो, आणि तिन्ही नावे एकत्र सांगणारे पान सहज मिळत नव्हते. बी कसे निवडायचे, किती भाजायचे, जास्त भाजले की कडवट का लागते, चटणी किती दिवस टिकते, सगळे तिने लिहिले. मराठीत लिहिले आणि कानडीतही लिहिले.

त्यानंतर पत्रे गेली. धारवाडच्या तिच्या शाळेच्या माजी विद्यार्थिनींच्या पानाला, गणेशोत्सवात भाजणी मागवणाऱ्या एका महाराष्ट्र मंडळाला, कानडी पाककृती लिहिणाऱ्या एका बाईंना, तेलबियांवर लिहिणाऱ्या एका शिक्षकांना. पत्र चार ओळींचे: तुमच्या अमुक लेखात कारळ्याचा उल्लेख आहे, मी त्याची सविस्तर माहिती लिहिली आहे, वाचकांच्या उपयोगाची वाटली तरच दुवा द्यावा. काहींनी उत्तर दिले नाही. जे दुवे मिळाले ते पाचशेच्या जवळपासही नाहीत, वर्षभरात अकरा. पण प्रत्येक जण चटणीबद्दल बोलायला लायक आहे. आता 'गुरेळ्ळू चटणी' शोधले की तिचे नाव पुन्हा दिसते. 'लोणचे' या शब्दाला ती अजूनही कितीतरी पाने मागे आहे, आणि तिथे मोठ्या कारखान्यांशी स्पर्धा करण्याची तिची इच्छाही नाही. यंदाच्या दिवाळीत मात्र डबे भरायला घरचे सगळे हात लागले.

थोडे व्यवहाराचे

आपल्या वाचकांपैकी ज्यांना हे करायचे आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी.

पहिली, दुव्याचे शब्द. 'येथे क्लिक करा' यापेक्षा 'कारळ्याची चटणी कशी करतात' अशा शब्दांवर दिलेला दुवा वाचकालाही कळतो आणि सर्च इंजिनलाही. पण सगळ्यांनी तेच शब्द वापरावेत असा आग्रह धरू नये. सगळे साक्षीदार शब्दशः तेच बोलू लागले की कोर्टालाही संशय येतो.

दुसरी, व्हॉट्सॲप. शंभर नातेवाइकांनी पुढे पाठवले तरी ते खासगी बोलणे असते. सर्च इंजिनला दिसत नाही. ग्राहक मिळतील, पण बॅकलिंक नाही.

तिसरी, जाहिरात. पैसे देऊन वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर जाहिरात देण्यात काही गैर नाही. मात्र त्या दुव्यावर 'नोफॉलो' किंवा 'स्पॉन्सर्ड' अशी खूण असावी. पहिली खूण २००५ मध्ये आली, दुसरी २०१९ मध्ये. हा दुवा विकतचा आहे, शिफारस समजू नका, असा त्याचा अर्थ.

चौथी, काळ बदलतो आहे. दुव्यांचे वजन पूर्वीइतके राहिलेले नाही, असे गुगलची माणसे सांगतात. २०२४ पासून भारतातही गुगल अनेक प्रश्नांना वरच तयार उत्तर देते आणि शेजारी आधाराची पाने दाखवते. तिथेही उपयोगी पडते ते सांगण्यासारखे काहीतरी लिहिलेले पान आणि जाणकारांत असलेले नाव.

सीमेवरच्या माणसांची शिल्लक

या सगळ्यात आपल्याकडे एक शिल्लक आहे, जी आपण वापरतच नाही. आपली नाती दोन भाषांत आणि दोन-तीन राज्यांत पसरली आहेत. कुमार गंधर्व १९२४ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीला जन्मले आणि १९४८ पासून इंदूरजवळच्या देवासला राहिले. राहुल द्रविड इंदूरला मराठी घरात जन्मला आणि बेंगळुरूला वाढला. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २००० साली बेळगावला झाले, य. दि. फडके अध्यक्ष होते. पुढच्याच वर्षी ते इंदूरला झाले, विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या. माणसे अशी जोडलेली आहेत, पण आपल्या वेबसाइटी जोडलेल्या नाहीत. आपली वाचनालये, मंडळे, शाळा, संगीतसभा यांची पाने उघडून पाहा. कार्यकारिणीची नावे असतात, अध्यक्षांचा फोटो असतो. दुसऱ्या संस्थेचा दुवा क्वचितच असतो. कानडी संस्थेच्या पानावर मराठीचा किंवा मराठी संस्थेच्या पानावर कानडीचा दुवा तर शोधूनही सापडत नाही.

तो देण्याला खर्च काही नाही. आपल्या मंडळाची वेबसाइट सांभाळणारा जो कोणी मुलगा असेल, त्याला या रविवारी चहाला बोलवा. ज्यांचे काम आपण स्वतः पाहिले आहे अशा चार-पाच जणांची नावे, का घेतो आहोत त्या एकेका ओळीसह, पानावर घालायला सांगा. त्यात एखादी चटणी करणारी असेल, एखादा विणकर असेल, एखादे पलीकडच्या भाषेतले वाचनालय असेल. त्यांच्याकडून दुवा परत येईल की नाही याचा हिशेब ठेवू नका. आपल्या आजीने दिलेल्या दुवेचा हिशेब कुणी ठेवला नव्हता.