बहुपडदा संगणक रचनेतील दृश्यदोष व त्यांचे निदान : वर्गखोलीच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या सुसज्ज वर्गखोलीत आज एका संगणकाला बहुधा दोन दृश्यसाधने जोडलेली असतात. टेबलावरील मॉनिटर अध्यापकासाठी असतो, तर प्रोजेक्टर विद्यार्थ्यांसाठी. परीक्षा विभागात व ग्रंथालयातही दोन मॉनिटर शेजारी-शेजारी ठेवून काम करण्याची पद्धत रूढ होत आहे. ही रचना मुळीच नवी नाही. ॲपल कंपनीच्या १९८७ मधील ‘मॅकिंटॉश टू’ या संगणकावर एकाहून अधिक पडदे चालत असत आणि विंडोज प्रणालीत ही सोय विंडोज ९८ पासून अंगभूत झाली. तिच्या दोषांविषयीचे अज्ञान मात्र अद्याप कायम आहे. तास सुरू होतो, पडद्यावर ‘नो सिग्नल’ ही अक्षरे उमटतात, केबल हलवून पाहिली जाते, शिपायाला हाक जाते आणि अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासातील दहा मिनिटे सरतात. याहून गंभीर बाब अशी, की सुस्थितीतील प्रोजेक्टरवर ‘नादुरुस्त’ असा शेरा पडून तो निर्लेखनाच्या यादीत जातो. दोष भिंतीतील केबलमध्ये असल्यास तो तेथेच राहतो व नव्या प्रोजेक्टरलाही भोवतो. दृश्यदोषाचे उगमस्थान कसे शोधावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकेताचा दुहेरी प्रवास

चित्र ग्राफिक्स कार्डात तयार होते. तेथून ते पोर्ट, कन्व्हर्टर, केबल, असल्यास स्प्लिटर आणि शेवटी पडद्याचे इनपुट अशा साखळीतून जाते. या साखळीतील प्रवास एकेरी आहे असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः तो दुहेरी आहे. चित्र पाठविण्यापूर्वी संगणक पडद्याकडून त्याची ओळख मागवितो. निर्माता कोण, किती चित्रबिंदू दाखविता येतात, प्रतिसेकंद किती चित्रे झेपतात, ही माहिती पडदा ‘ईडीआयडी’ नावाच्या एका छोट्या नोंदीतून कळवितो. या नोंदीचे मानक ‘व्हेसा’ या संस्थेने १९९४ मध्ये निश्चित केले आणि तिचा मूळ आकार अवघा १२८ बाइट आहे. ही नोंद संगणकापर्यंत पोहोचली नाही, तर पडदा जोडलेलाच नाही असे तो मानतो किंवा सावधगिरी म्हणून अगदी कमी रिझोल्यूशनचे चित्र पाठवितो. मॉनिटर उत्तम, प्रोजेक्टर उत्तम, तरी अक्षरे जाड व फिसकटलेली, या तक्रारीमागे बहुधा हीच खुंटलेली ओळख असते.

व्हीजीए जोडणीत या माहितीसाठी पंधरा पिनांपैकी बारावी व पंधरावी पिन वापरली जाते. स्वस्त किंवा जोड देऊन लांबविलेल्या केबलमध्ये नेमक्या याच तारा कधी गाळलेल्या, तर कधी तुटलेल्या असतात. त्यातून चित्र दिसते, परंतु योग्य रिझोल्यूशन निवडीच्या यादीतच येत नाही. खरेदीच्या दरपत्रकात केबलचा रकाना सर्वांत शेवटी असतो व काटकसर हटकून तेथेच केली जाते, ही बाब या ठिकाणी नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये.

निदानाची पद्धत

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे निदानाचे मुख्य सूत्र होय. केबल, पोर्ट आणि सेटिंग एकदम बदलल्यास दोष जातो खरा, पण तो कशामुळे गेला हे कळत नाही व पुढच्या आठवड्यात तो पुन्हा उद्भवतो.

पहिली कसोटी प्रोजेक्टरच्या स्वतःच्या मेनूची. रिमोटवरील मेनूची कळ दाबल्यावर येणारी अक्षरे प्रोजेक्टरच तयार करतो. त्यात संगणकाचा संबंध नसतो. ही अक्षरे स्वच्छ व योग्य रंगात दिसत असतील, तर दिवा आणि भिंग ठीक आहेत व दोष इनपुटच्या अलीकडे शोधावा. मेनूवरही डाग वा रंगछटा दिसत असेल, तर केबल बदलण्यात अर्थ नाही.

दुसरी कसोटी अदलाबदलीची. मॉनिटरची केबल प्रोजेक्टरला आणि प्रोजेक्टरची मॉनिटरला लावून पाहावी. दोष केबलबरोबर गेला की पडद्यापाशीच राहिला, यावरून अर्धे निदान होते. तिसरी कसोटी त्याहून सोपी आहे. संगणकावर स्क्रीनशॉट घेऊन तो दुसऱ्या यंत्रावर उघडावा. दोष त्या चित्रातही असेल, तर तो सॉफ्टवेअरचा. नसेल, तर चित्र तयार झाल्यानंतरच्या टप्प्याचा असण्याचा संभव अधिक.

व्हीजीएमध्ये लाल, हिरवा आणि निळा हे रंग स्वतंत्र तारांतून जातात. त्यामुळे पडद्यावरची छटाच तुटलेली तार सांगते. पांढरा भाग पिवळा दिसला, तर निळ्या रंगाची तार गेली. गुलाबी-जांभळा दिसला, तर हिरव्याची. आणि निळसर-हिरवा दिसला, तर लाल रंगाची. वाकलेली पिन नुसत्या डोळ्यांनीही दिसते.

एचडीएमआयसारख्या डिजिटल जोडणीत रंगछटेचा हा दोष सहसा येत नाही. तेथे चित्र स्वच्छ येते, ठिणग्यांसारखे ठिपके चमकतात किंवा पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो. कारण वहनक्षमतेचे असते. १९२० गुणिले १०८० चित्रबिंदूंचे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठविण्यासाठी सुमारे ३ अब्ज बिट लागतात. ३८४० गुणिले २१६० साठी सुमारे १२ अब्ज. २००९ च्या एचडीएमआय १.४ मानकात हे मोठे चित्र सेकंदाला ३० वेळाच जाऊ शकत होते. ६० वेळा पाठविण्याची सोय २०१३ च्या २.० मानकाने आली. म्हणून सेटिंगमध्ये ६० ऐवजी ३० निवडून पाहावे. लुकलुक थांबली, तर संशयित केबल होय, पडदा नव्हे.

कन्व्हर्टरविषयीचे गैरसमज फार आहेत. डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआयकडे नेणारा साधा कन्व्हर्टर उलट दिशेने चालत नाही. यूएसबी-सी आकाराचे प्रत्येक पोर्ट चित्र वाहून नेतेच असे नाही. स्प्लिटर एकच चित्र दोन ठिकाणी पोहोचवितो. त्यातून दोन पडद्यांवर दोन वेगळी चित्रे मिळण्याची अपेक्षा व्यर्थ आहे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकात मॉनिटरची केबल चुकून मदरबोर्डच्या पोर्टला लावली जाते व संगणक बंद पडल्याचा निष्कर्ष काढला जातो, हेही वारंवार घडते. चित्रपटाची खिडकी तेवढी काळी आणि बाकी सर्व दिसते, असे असल्यास प्रत-संरक्षणाची एचडीसीपी प्रणाली आड आली आहे. तेथे दुरुस्तीचा प्रश्नच नाही.

प्रतिरूप आणि विस्तार

केबल निर्दोष असूनही पुष्कळ तक्रारी निवडलेल्या पद्धतीतून उद्भवतात. विंडोज ७ पासून विंडोज कळ व पी एकत्र दाबल्यावर चार पर्याय मिळतात. ‘डुप्लिकेट’मध्ये दोन्हीकडे एकच चित्र असते. प्रोजेक्टर १०२४ गुणिले ७६८ चा आणि मॉनिटर रुंद असल्यास कोठेतरी काळ्या पट्ट्या येतात किंवा चित्र ताणले जाते. ‘एक्स्टेंड’मध्ये दोन्ही पडदे स्वतंत्र असतात, मात्र त्यांचे स्केलिंग भिन्न असल्यास एकीकडून दुसरीकडे नेलेली अक्षरे धूसर होतात. एखादी खिडकी बंद असलेल्या पडद्यावर हरवल्यास विंडोज, शिफ्ट आणि बाणाची कळ दाबून ती परत आणता येते.

या निवडीचा संबंध केवळ सोयीशी नाही. डुप्लिकेट पद्धतीत अध्यापकाने उघडलेली गुणयादी, आलेला ई-मेल, एखाद्या विद्यार्थ्याचा खासगी अर्ज, सारे काही वर्गासमोर येते. एक्स्टेंड पद्धत त्यासाठीच श्रेयस्कर आहे. सादरीकरणातील टिपणे विद्यार्थ्यांना व स्लाइड अध्यापकाला दिसू लागल्यास गोंधळून केबल काढू नये. पॉवरपॉइंटच्या डिस्प्ले सेटिंगमधील अदलाबदलीचा पर्याय तेवढा निवडावा.

प्रोजेक्टर निर्लेखनासाठी पाठविताना मेनूच्या कसोटीत काय दिसले, दुसऱ्या केबलवर काय घडले आणि दुसऱ्या संगणकावर काय घडले, या तीन नोंदी तारखेसह प्रस्तावाला जोडल्या जाव्यात. ज्या प्रोजेक्टरचा मेनू स्वच्छ दिसतो, त्याचा प्रस्ताव समितीने प्रथम केबल बदलण्यासाठी परत करावा.