खुब्याचा सांधा निखळणें : प्रकार व कारणें

मांडीच्या हाडाचा वाटोळा गोळा कटीच्या हाडांतील खोल वाटींत बसलेला असून, बळकट बंध व जाड स्नायु यांनीं तो चोहोंकडून आवळून धरिलेला असतो. म्हणून खुबा सहजासहजीं निखळत नाहीं. तो निखळला म्हणजे आघात मोठाच झाला, असें समजावें.

याचे मुख्य प्रकार तीन. पहिल्यांत गोळा मागें जातो. शेंकडा सुमारें ९० वेळां हाच प्रकार आढळतो. मांडी दुमडलेली असतांना गुडघ्यावर समोरून मार बसला, किंवा वांकून खणणाराच्या पाठीवर दरड कोसळली, म्हणजे असें घडतें. मोटारीच्या टकरींत गुडघा समोरच्या फळीवर आदळतो, तेव्हांही हेंच होतें. असा पाय आंखूड दिसतो व गुडघा आंत वळतो. दुसऱ्या प्रकारांत मांडी फांकलेली असतांना जोर पडून गोळा पुढें येतो व पाय बाहेरच्या बाजूस वळतो. तिसऱ्यांत कुशीवर जबर मार बसून गोळा वाटीचा तळ फोडून आंत शिरतो. हा वास्तविक अस्थिभंगच होय.

बॉस्टन येथील शस्त्रवैद्य हेन्री जेकब बिगेलो यांनीं १८६९ सालीं आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, पायास येणारें हें वळण सांध्यापुढील बळकट बंधामुळें येतें. आणि तो बंध सैल पडावा म्हणून सांधा बसवितांना मांडी दुमडावी लागते. यावरून, चौघांनीं मिळून पाय सरळ ओढण्याची रीत किती चुकीची आहे, हें वाचकांच्या ध्यानांत येईल. शिवाय हाड मोडलें आहे कीं काय, हें क्ष-किरणांच्या चित्रावांचून कळत नाहीं.

विलंब हा येथें मोठा शत्रु आहे. गोळ्यास रक्त पुरविणाऱ्या शिरा ताणल्या जातात. सांधा शक्यतों सहा तासांच्या आंत न बसविल्यास गोळा मृत होऊन पुढें ढासळण्याचें भय वाढतें. मागील मोठी नाडी दुखावल्यास पाऊल वर उचलतां येत नाहीं.

यास्तव रोग्यास उभें करूं नये, चोळूं नये, कांहीं खाऊं-पिऊं घालूं नये. कारण सांधा बसवितांना बहुधा भूल द्यावी लागते. पाय ज्या स्थितींत असेल त्याच स्थितींत गोधड्यांचा आधार द्यावा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि अपघाताची वेळ कागदावर टिपून रोग्याबरोबर द्यावी. डॉक्टरांस तिचा उपयोग होतो, व घरच्यांसही किती अवकाश उरला याचा हिशेब राहतो.