हागबार्ड बर्नर: कायदेपंडित, संपादक व नगराधिकारी

नॉर्वेच्या राजधानींत ‘कार्ल बर्नर चौक’ म्हणून एक प्रसिद्ध ठिकाण आहे. त्यामुळें बर्नर हें आडनांव त्या देशाच्या जुन्या कागदांत दिसलें कीं, वाचणाराचें लक्ष प्रथम १९०५ सालीं संसदेचा अध्यक्ष असलेल्या कार्ल बर्नर याजकडेच जातें. परंतु त्याच काळांत त्याच आडनांवाचा दुसरा एक कर्ता पुरुष होऊन गेला. त्याचें नांव हागबार्ड इमान्युएल बर्नर. संग्राहकांनीं आद्याक्षरें न पाहतां दोघांची पत्रें एका पुडक्यांत बांधूं नयेत, एवढ्याकरितां तरी त्याचें चरित्र थोडक्यांत देणें अवश्य वाटतें.

हा १८३९ सालीं सुंदाल येथें जन्मला. कायद्याचा अभ्यास पुरा केल्यावर तो लवकरच लेखनाच्या व संघटनेच्या कामांत पडला. नॉर्वे शतकानुशतकें डेन्मार्कच्या राजसत्तेखालीं असल्यामुळें तेथील लिखित भाषा डॅनिशच होती. खेड्यापाड्यांतील बोलींवरून ईवार ओसेन यानें जी देशी लेखनभाषा सिद्ध केली, तींत ग्रंथ छापण्यासाठीं १८६८ सालीं ‘देत नोर्स्के साम्लागे’ ही संस्था निघाली. तिचा पहिला अध्यक्ष बर्नर. पुढील वर्षाच्या आरंभीं आंतोन बांग यानें ‘दागब्लादे’ हें दैनिक काढलें, त्याचाहि पहिला संपादक तोच. हें काम त्यानें १८७९ पर्यंत केलें.

त्याच्या कर्तृत्वाचा खरा भाग मात्र संपादकाची खुर्ची सोडल्यानंतरचा आहे. १८८० मध्यें तो संसदेंत आला. त्याच सुमारास सेसिलिए थोरेसेन नांवाच्या तरुणीस विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा देण्याची इच्छा झाली. तिच्या वतीनें सरकारकडे अर्ज गेला, व चालू कायद्याप्रमाणें स्त्रियांना ही परवानगी देतां येत नाहीं, म्हणून तो नामंजूर झाला. आतां अशा प्रसंगीं वर्तमानपत्रांत चार जळजळीत लेख लिहून स्वस्थ बसणारे लोक सर्व देशांत पुष्कळ. बर्नरनें कायदा आडवा येतो तर कायदाच बदलावा, अशी वाट धरली व स्वतः संसदेंत तशी सूचना आणली. १८८२ सालीं तिचा कायदा झाला. त्याच वर्षीं थोरेसेन परीक्षा उतरून त्या देशाची पहिली विद्यार्थिनी झाली. त्या कायद्यानें सर्व दारें उघडलीं असें नव्हे. विद्यापीठाच्या पदव्या स्त्रियांना खुल्या होण्यास १८८४ चा दुसरा कायदा लागला. तरी मूळ अडसर निघाला तो १८८२ सालींच.

१८८४ च्या जून महिन्यांत यिना क्रोग या बाईच्या पुढाकारानें ‘नॉर्वेजियन स्त्रीहक्क संघ’ स्थापन झाला. त्या कार्यांत बर्नर तिचा सहकारी होता व संघाचा पहिला अध्यक्षहि तोच झाला. विवाहित स्त्रीच्या मिळकतीचा प्रश्न त्या वेळीं ऐरणीवर होता. इब्सेन, ब्यर्नसन, ली व शीलान या चार नामांकित लेखकांनीं त्याच वर्षीं त्यासाठीं संसदेकडे अर्ज केला होता. विवाहित स्त्री कायद्यानें सज्ञान ठरली, व स्वतःच्या कमाईवर तिचा ताबा आला, तो १८८८ सालीं. समाईक मिळकतीचा कारभार तरीहि नवऱ्याकडेच राहिला. मताधिकाराची मागणी मात्र संघानें आपल्या कार्यक्रमांत घेतली नाहीं; म्हणून क्रोग बाईनें १८८५ सालीं त्यासाठीं निराळी संस्था काढली. या बाबतींत बर्नरची सावधगिरी मला फाजील वाटते. पण जेवढें कलमांत बसवितां येईल तेवढेंच हातीं घ्यावयाचें, हा त्याचा स्वभावच होता.

१८८३ पासून तो राज्याचा हिशेबतपासनीस होता, व १८९८ मध्यें राजधानीचा ‘बोर्गरमेस्तर’ झाला. येथें एक खुलासा केला पाहिजे. ‘बोर्गरमेस्तर’ हा नेमलेला अधिकारी, तर ‘ऊर्दफ्यरर’ हा १८३७ च्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्यान्वयें निवडलेला सभापति. दोहोंसहि ‘महापौर’ म्हटल्यानें बराच घोटाळा झाला आहे. १९०१ सालीं ठराविक उत्पन्नाच्या स्त्रियांना नगरपालिकेपुरतें मत मिळालें. शहरांत ही मर्यादा ४०० क्रोनर होती. जो प्रश्न संघानें बाजूस ठेविला होता, तो असा बर्नरच्याच नगरींत मतपेटीपर्यंत आला. संपूर्ण मताधिकार १९१३ सालीं मिळाला, तोहि त्यानें पाहिला.

कागदांचा काळ ठरविणारांनीं नगराच्या नांवाकडेहि लक्ष द्यावें. १८७७ पासून सरकारी लेखनांत व १८९७ पासून नगरपालिकेंत ‘सीएच’ जाऊन आरंभीं ‘के’ आला, आणि ओस्लो हें राजधानीचें नांव १९२५ च्या आरंभापासून सुरू झालें. बर्नर १९२० च्या जानेवारींत वारला. तेव्हां त्याच्या सहीच्या कोणत्याही नगरपत्राच्या माथ्यावर हें नवें नांव आढळल्यास तो कागद बनावट समजावा.