टेस्ट करून वर्गात बसवायचं, की घरी पाठवायचं?

२०२१ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या माध्यमिक शाळांत एक मूल पॉझिटिव्ह आलं, की त्याच्या संपर्कातली मुलं दहा दिवस घरी. किती शाळा बुडत होती बघा! मग ऑक्सफर्डच्या संशोधकांनी विचारलं: शाळेतच रोज रॅपिड टेस्ट करून निगेटिव्ह मुलांना वर्गात बसू दिलं तर?

२०१ शाळा घेतल्या. चिठ्ठ्या टाकल्या त्या शाळांच्या, मुलांच्या नाही. एकाच बाकावरचा एक घरी आणि दुसरा वर्गात असेल, तर संसर्गाचा हिशेब कुणाच्या नावावर लावणार? हे क्लस्टर रँडमायझेशन.

खरी गंमत प्रश्नात आहे. संसर्गाच्या बाबतीत ‘टेस्टिंग जास्त चांगलं का?’ असं विचारलंच नव्हतं. ‘फार वाईट तर नाही ना?’ एवढंच. म्हणजे नॉन-इन्फिरिऑरिटी. ‘फार’ म्हणजे किती, हे आकडे बघण्याआधीच ठरवावं लागतं. इथे ५० टक्के वाढ. (ही मर्यादा मला जरा सैलच वाटते.)

लक्षणं असलेला संसर्ग दोन्ही गटांत जवळपास सारखाच निघाला. पण टेस्टिंगमधला सहभाग होता जेमतेम ४२ टक्के. म्हणजे तपासलं गेलं ते ‘टेस्टची सोय देणं’. प्रत्येक मुलाची रोज टेस्ट झाली असती तर काय, हा वेगळा प्रश्न.